साहसाला नकार (कथातत्त्व)

सुखात, लाडाकोडात वाढलेल्या पात्रावर घर सोडून संकटापुढे उभे राहण्याची वेळ येते आणि ते ऐनवेळी कच खाते, असा कथाप्रसंग. पुराकथांचे अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ मध्ये वीरकथेचे टप्पे मांडले. त्यात साहसाची हाक आल्यावर लगेच ‘हाकेला नकार’ हा टप्पा येतो. त्यांच्या मांडणीत नकाराची कारणे अनेक आहेत. येथे फक्त सुखाची सवय या कारणाचा विचार केला आहे. त्यामुळे कुरुक्षेत्रावर धनुष्य खाली ठेवणारा अर्जुन या नोंदीत बसत नाही. त्याला गादी-गिरद्यांची ओढ नव्हती, समोर आप्त उभे होते.

या प्रकाराचा सर्वांत रंगतदार नमुना मात्र त्याच अर्जुनाच्या शेजारी, एकाच रथात बसलेला आहे. महाभारताच्या विराटपर्वात मत्स्यराज विराट सैन्यासह त्रिगर्तांशी लढायला गेलेला असताना कौरव दुसऱ्या बाजूने येऊन साठ हजार गाई वळवतात. गोपप्रमुख धापा टाकत राजवाड्यात येतो, तेव्हा राजपुत्र उत्तर अंतःपुरात स्त्रियांच्या घोळक्यात आहे. तो लगेच फुशारकी मारतो: चांगला सारथी तेवढा नाही, असता, तर माझा पराक्रम पाहून ‘हा प्रत्यक्ष अर्जुनच की काय’ असे कौरव म्हणाले असते! अडचण सांगितली तीही सोयीची, सहजासहजी दूर न होणारी. अज्ञातवासात सैरंध्री, म्हणजे दासी, झालेल्या द्रौपदीला अर्जुनाशी केलेली ही बरोबरी सोसत नाही. ती बृहन्नडेचे, म्हणजे वेषांतर केलेल्या अर्जुनाचेच, नाव सुचवते आणि सबब संपते. निघताना त्याची बहीण उत्तरा व तिच्या सख्या बाहुल्यांसाठी कौरवांची तलम, रंगीत वस्त्रे आणायला सांगतात. लढाईला निघालेल्या रथाकडून त्या घराची अपेक्षा एवढीच.

कौरवसेना नजरेस पडताच उत्तराच्या अंगावर काटा उभा राहतो. वडील सगळे सैन्य घेऊन गेले, मी एकटा, मी पोर, मला सराव नाही, अशी कारणांची रांग लागते. शेवटी तो सरळ म्हणतो की कौरवांना गाई नेऊ देत, बायका हसल्या तर हसू देत. मग रथातून उडी टाकून पळत सुटतो. अर्जुन वेणी आणि लाल वस्त्रे उडवीत मागे धावतो. ते ध्यान पाहून कौरवांचे काही सैनिक हसतात. शंभर पावलांत उत्तर केसांना धरून पकडला जातो आणि सुटकेसाठी देऊ करतो शुद्ध सोन्याची शंभर नाणी, आठ वैडूर्य मणी, घोडे जोडलेला रथ आणि दहा मत्त हत्ती. जीव जाण्याच्या भीतीतही त्याला आकडे सुचतात. आजवर अडलेले सगळे असेच सुटत आले असणार. येथेच हा प्रसंग निव्वळ भित्रेपणाच्या गोष्टींहून वेगळा पडतो.

पुढची वाट अर्जुनच ठरवतो. लढायला मी, घोडे तू हाक, एवढीच कामाची अदलाबदल.

ग्रीक पुराकथेतील ओडिसियस ट्रॉयच्या युद्धाला जायचे टाळण्यासाठी वेडाचे सोंग घेऊन शेत नांगरतो. तान्हा मुलगा नांगरापुढे ठेवला जाताच तो थांबतो आणि सोंग उघडे पडते. तो सुखासीन मात्र नाही, हा दाखला थोडा बाजूचा. आधुनिक काळात टोल्कीन यांच्या १९३७ च्या ‘द हॉबिट’ या कादंबरीचा नायक बिल्बो अधिक जवळचा. ‘कदाचित परत येणार नाही’ हे शब्द कानावर पडताच तो किंचाळतो आणि कोसळतो. दुसऱ्या दिवशी धावतपळत निघतो खरा, पण रुमाल घरी राहिल्याची चुटपुट त्याला लागून राहते. लेखकाने सारी भीती एका रुमालात बांधली आहे, आणि असे बारीक तपशीलच हे कथातत्त्व जिवंत ठेवतात.

विराटपर्वातही धागा वस्त्रांवरच येऊन मिळतो. अर्जुनाच्या अस्त्राने कौरववीर बेशुद्ध पडल्यावर उत्तर रथातून पुन्हा उडी मारतो, या वेळी शत्रूच्या दिशेने. द्रोण व कृपांची पांढरी, कर्णाची पिवळी, अश्वत्थामा व दुर्योधनाची निळी वस्त्रे गोळा करून तो परततो. नगरात विराट मुलाच्या विजयाची बढाई मारत असतो. उत्तर मात्र सांगतो की युद्ध आपण जिंकलेले नाही, एका देवपुत्राने जिंकले. कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी तो हत्तीवर बसून कौरवांच्या बाजूने लढणाऱ्या शल्यावर चालून जातो, त्याचे घोडे ठार करतो आणि शल्याने फेकलेल्या शक्तीने, म्हणजे भाल्यासारख्या शस्त्राने, मरण पावतो.