विश्रांतिकारक आसने

शरीराला श्रम न देता एकाच स्थितीत काही मिनिटे निश्चल राहून स्नायू व मन सैल सोडण्यासाठी जी आसने केली जातात, त्यांना विश्रांतिकारक आसने म्हणतात. शवासन (उताणे पडून) आणि मकरासन (पालथे पडून) ही त्यांची रूढ उदाहरणे होत. लोड, घडी घातलेल्या चादरी, खुर्ची किंवा भिंत यांच्या आधाराने केली जाणारी सुप्त बद्धकोणासन, विपरीत करणी, सेतुबंध सर्वांगासन यांसारखी आसनेही आता याच गटात धरली जातात.

पतंजलींच्या योगसूत्रांतील ‘स्थिरसुखमासनम्’ (२.४६) ही आसनाची व्याख्या सर्वपरिचित आहे; मात्र तिच्या पुढच्याच सूत्रात प्रयत्न शिथिल केल्याने आसन साधते असे म्हटले आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. पंधराव्या शतकातील हठप्रदीपिका या योगग्रंथात शवासनाचा एकच श्लोक आहे. जमिनीवर प्रेतासारखे उताणे पडून राहणे असे त्याचे वर्णन करून, ते थकवा हरण करणारे (‘श्रान्तिहरम्’) व चित्ताला विश्रांती देणारे (‘चित्तविश्रान्तिकारकम्’) आहे, असे त्यात सांगितले आहे. शारीरिक आणि मानसिक असे दोन्ही लाभ त्या ओळीत एकत्र आले असून, आधुनिक अभ्यासकांनी पुढे जे तपासून पाहिले ते बव्हंशी हेच होते.

लोणावळ्याच्या कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी आसनांचे ध्यानात्मक, शरीरसंवर्धनात्मक आणि विश्रांतिकारक असे तीन वर्ग केले. १९२४ मध्ये संस्था स्थापन झाली त्याच वर्षी त्यांनी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही सुरू केले, आणि योगक्रियांचे परिणाम उपकरणांनी मोजण्याची पद्धत तेथे रुजली. दुसरा प्रवाह पुण्याचा. १९३७ मध्ये पुण्यात आलेल्या बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनी आजारी व वयस्क साधकांना आसनात कष्टाविना टिकून राहता यावे म्हणून पट्टे, दोर, लाकडी ठोकळे, लोड व खुर्च्या यांचा पद्धतशीर उपयोग केला. त्यांच्या शिष्या ज्युडिथ हॅन्सन लॅसॅटर यांनी या आधारयुक्त आसनांचा अमेरिकेत मोठा प्रसार केला. तेथेच वाढलेला यिन योग हा संथ योगप्रकार मात्र वेगळा समजला पाहिजे. त्यातही तीन ते पाच मिनिटे स्थिर राहतात. परंतु त्यात सांध्यांभोवतीच्या संयोजी (अवयवांना जोडून ठेवणाऱ्या) ऊतकांवर सौम्य ताण मुद्दाम ठेवला जातो, तर विश्रांतिकारक आसनात ताण जवळजवळ नसावा अशी अपेक्षा असते.

या आसनांचा परिणाम कसा घडतो, हे शरीरक्रियेच्या दृष्टीने बऱ्याच अंशी उलगडता येते. स्नायू झटक्याने ताणला तर तो प्रतिक्षिप्त क्रियेने आखडतो. ताण सावकाश दिला, तर ही प्रतिक्रिया सौम्य राहते. विपरीत करणीत पाय भिंतीला टेकून वर ठेवले की पायांतील रक्त गुरुत्वाने हृदयाकडे सहज परतते, मानेतील रोहिण्यांत आणि महारोहिणीच्या कमानीत असलेले दाबग्राही (रक्ताचा दाब ओळखणारी चेताग्रे) उद्दीपित होतात आणि हृदयाचे ठोके मंदावतात. श्वासाचेही तसेच आहे. विश्रांत अवस्थेतील प्रौढ व्यक्ती मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती मंदावणाऱ्या व्हेगस चेतेचा प्रभाव वाढतो, म्हणून श्वास आपोआप संथ व उच्छ्वास लांब होऊ लागला की परानुकंपी (शरीराला विसावा देणाऱ्या) चेतासंस्थेचे पारडे जड होते.

उच्च रक्तदाबावरील शवासनाच्या परिणामाचा एक महत्त्वाचा अभ्यास मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ के. के. दाते व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ४७ रुग्ण होते. औषधे न घेणाऱ्या गटातील सरासरी मध्य रक्तदाब (वरच्या व खालच्या दाबांवरून काढलेला) १३४ वरून १०७ मिमी पाऱ्यापर्यंत उतरला, तर औषधे घेणाऱ्या काही रुग्णांची मात्रा कमी करता आली. तुलनेसाठी यादृच्छिक पद्धतीने (चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे) निवडलेला गट त्यात नसल्यामुळे या आकड्यांवर फार मोठा भार टाकता येत नाही. लंडनमध्ये चंद्रा पटेल यांनी १९७५ मध्ये ३४ रुग्णांवर तशी यादृच्छिक चाचणी घेतली. तिच्यातही रक्तदाब उतरला, मात्र तेथे योगविश्रांतीला जैवप्रतिसाद उपकरणांची (शरीरातील बदल त्या व्यक्तीलाच दाखवणाऱ्या यंत्रांची) जोड होती. २०१४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील गटाने चयापचय विकारसमूह (पोटाची चरबी, रक्तदाब, रक्तशर्करा इ. एकत्र वाढण्याची स्थिती) असलेल्या १८० प्रौढांवरील ४८ आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधारयुक्त आसने करणाऱ्यांची उपाशीपोटीची रक्तशर्करा स्नायू ताणण्याचे साधे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक घटली. पण कॉर्टिसॉल (मानसिक ताणाशी निगडित संप्रेरक) व जाणवणारा मानसिक ताण कमी होण्यात मात्र स्नायू ताणण्याचे व्यायाम करणारा गटच सरस ठरला. हा निष्कर्ष योगप्रेमींना रुचणारा नसला तरी तो नजरेआड करणे योग्य नव्हे.

भावनिक लाभ मोजणे अधिक अवघड आहे. अस्वस्थ माणसाचा जबडा आवळलेला, खांदे वर ओढलेले आणि कपाळ आक्रसलेले असते, आणि बहुधा त्याला त्याची जाणीव नसते. निश्चल पडून एकेका अवयवाकडे लक्ष नेताना हे आवळणे प्रथम जाणवते, मगच ते सोडता येते. नवख्या साधकाला आरंभी शांत वाटण्याऐवजी विचारांची गर्दीच जाणवते. काहींना झोप लागते. झोप आरोग्याला हितकर असली तरी शवासनात जागेपणा राखणे अपेक्षित असते, आणि म्हणूनच दिसायला सर्वांत सोपे असलेले हे आसन साधायला अवघड मानले जाते. असे असता अनेक वर्गांत वेळ अपुरा पडला की पहिली काटछाट याच आसनाची होते.

गरोदरपणाच्या उत्तरार्धात उताणे पडून राहिल्यास गर्भाशयाच्या भाराने महाशिरा (हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर) दाबली जाऊ शकते. तेव्हा डाव्या कुशीवर विश्रांती घेतात. काचबिंदू असणाऱ्यांनी डोके खाली येणाऱ्या स्थिती टाळाव्यात. मानसिक आघातातून गेलेल्या काही व्यक्तींना डोळे मिटून निश्चल पडणे असह्य होते, त्यांना डोळे उघडे ठेवून किंवा बसून अभ्यास करू दिला जातो. रक्तदाबाची औषधे वैद्यकीय सल्ल्यावाचून थांबवू नयेत. आसन सोडताना एका कुशीवर वळून, हाताचा आधार घेत सावकाश उठतात. एकदम उभे राहिल्यास रक्तदाब क्षणभर घसरून घेरी येऊ शकते.