गृहसंगणकावरून फर्मवेअर भरणे

जुन्या आठ-बिट गृहसंगणकाच्या साहाय्याने मायक्रोकंट्रोलरच्या (एकाच चिपमधल्या छोट्या संगणकाच्या) स्मृतीत प्रोग्राम भरण्याची पद्धत. प्रयोगशाळेच्या बोलीत ‘चिप बर्न करणे’.

‘फर्मवेअर’ हा शब्द सामान्यतः ॲशर ऑप्लर यांच्या १९६७ मधील लेखाशी जोडतात. तिथे तो प्रोसेसरच्या आतल्या मायक्रोकोडसाठी (त्याच्या आज्ञांमागच्या सूक्ष्म सूचनांसाठी) आला आहे. आजचा अर्थ, म्हणजे उपकरणातल्या चिपमध्ये भरून ठेवलेला प्रोग्राम, पुढे रूढ झाला असे मानणे अधिक सयुक्तिक. पहिल्या मायक्रोकंट्रोलरचा मान कोणी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस १००० ला (विक्री १९७४) देतात, कोणी इंटेलच्या ८०४८ ला (१९७६). जळगाव-धुळ्याकडे इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांचा परिचय होतो तो १९८० च्या ८०५१ शी.

बीबीसी मायक्रो (१९८१) हा ब्रिटिश आठ-बिट गृहसंगणक भारतीय शाळांत ‘क्लास’ या संगणक-शिक्षणाच्या प्रकल्पातून १९८४ च्या सुमारास आला. त्याच्या यूजर पोर्टवर (बाहेरची उपकरणे जोडायच्या जागी) ५ व्होल्टच्या आठ तारा मिळतात आणि ८०५१ कुळातील एटी८९एस५२ ही चिपही ५ व्होल्टवरच चालते, त्यामुळे मध्ये वेगळे सर्किट लागत नाही. संगणकाच्या बेसिक या भाषेतून ६५१२२ या पत्त्यावर ७ लिहिले की पहिल्या तीन तारा बाहेर जाणाऱ्या होतात : रीसेट, घड्याळ आणि डेटा. चौथी उत्तराची. रीसेटची तार ५ व्होल्टवर धरून १७२, ८३, ० आणि आणखी एक ० असे चार बाइट एकेक बिट करून पाठवायचे. चौथ्या बाइटबरोबर चिपकडून १०५ परत आले की ती प्रोग्राम घ्यायला तयार झाली. घड्याळाचा ठोका संगणक देतो, म्हणून बेसिकचा संथपणा इथे आड येत नाही. मर्यादा वरची आहे : ठोके चिपला चालवणाऱ्या क्रिस्टलच्या वारंवारतेच्या एक षोडशांशाहून कमी हवेत. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला ती साडेसातशे किलोहर्ट्झ येते. बेसिक तिच्या जवळपासही पोहोचत नाही. खरी अडचण स्मृतीची. चिपमधले ८ किलोबाइट हेक्स फाइलमध्ये (तिथे प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहितात) दुपटीहून जास्त जागा घेतात आणि संगणकात सारे मिळून ३२ किलोबाइट. म्हणून फाइल ओळीओळीने वाचावी लागते. प्रत्येक ओळीच्या शेवटची बेरीज तपासणे टाळू नये.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात विहिरीवरच्या मोटारीचा ऑटोस्विच हे अशा चिपला साजेसे काम : तिन्ही फेज पाहणे, लाइट आल्यावर थोडे थांबून रिले ओढणे, एक फेज गेला की मोटार जळण्याआधी सोडणे. एवढ्याला ८ किलोबाइट भरपूर.

भरताना लाइट गेली तर चिप पुसून पुन्हा भरता येते, पण संगणकाच्या स्मृतीतला मजकूर जातो. तो आधीच कॅसेटवर किंवा फ्लॉपीवर उतरवून घ्यावा.