बाजरी पातळ असते का?

"द्रव पदार्थ ज्या भांड्यात ओतावा त्या भांड्याचा आकार घेतो." फळ्यावर एवढं लिहून होतंय तोच मागच्या ओळीतून आवाज आला, "सर, मंग बाजरी बी पातय शे का?"

प्रश्न रास्त होता. डब्यात ओतली की बाजरी डब्यासारखी, तांब्यात ओतली की तांब्यासारखी. पुस्तकातल्या व्याख्येने ती द्रवच ठरते. गिरणाकाठच्या आमच्या वर्गात त्या दिवशी पुढचा धडा तसाच राहिला. पोषण आहाराची दोन ताटं आणली, एकात बाजरी ओतली, दुसऱ्यात पाणी. बाजरीचा ढीग झाला, पाणी सपाट पसरलं. बोट खुपसून काढलं तर बाजरीत खळगा राहिला, पाण्यात राहिला नाही. मग भिंगाखाली एकच दाणा ठेवला. कुठेही ठेवा, त्याचा आकार तोच. आकार बदलतो तो दाण्यांच्या गर्दीचा, दाण्याचा नव्हे. पीठ, मीठ, गिरणेची वाळू हे सगळे याच घोळातले स्थायू.

वायूसाठी सुई काढलेली इंजेक्शनची नवी सिरिंज पुरते. तोंडावर अंगठा दाबून दट्ट्या ढकलला की आतली हवा बरीच दबते आणि सोडल्यावर दट्ट्याला परत लोटते. पाणी भरून तेच करा, दट्ट्या हलत नाही. हवेच्या कणांमध्ये रिकामी जागा भरपूर, पाण्याच्या कणांमध्ये जेमतेम, हे मुलांना अंगठ्याने कळतं.

माझी तक्रार वेगळीच आहे. हा धडा आपण एका आठवड्यात उरकतो, आणि तोही बहुधा चुकीच्या ऋतूत. खानदेशात एप्रिलमध्येच पारा चाळिशी ओलांडतो. बाष्पीभवन शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा नाही. एक मातीचा माठ आणि एक स्टीलची कळशी सावलीत शेजारी ठेवायची, दुपारी दोन्हींतलं पाणी थर्मामीटरने मोजायचं. माठ पाझरतो, बाहेरून ओला राहतो आणि ते पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाण्यामागे सुमारे २,४०० ज्यूल. म्हणजे चमचाभर, ५ मिलिलिटर पाणी उडालं, तर तेवढ्या उष्णतेच्या हिशेबात पाव लिटर पाणी १० अंशांनी गार व्हायला हरकत नाही. कळशी बिचारी पाझरतच नाही.

श्रावणात हाच माठ मुलांना निराश करतो. हवाच दमट, पाणी उडणार कसं? पण तेव्हा उलटा प्रयोग साधतो. फ्रिजमधल्या गार पाण्याने भरलेला तांब्या बाकावर ठेवला की दोन मिनिटांत बाहेरून घामेजतो. "तांब्याला भोक शे," हे ठरलेलं उत्तर. मग आत हळदीचं पाणी भरायचं. बाहेरचे थेंब पिवळे नसतात. म्हणजे ते आले हवेतून! कोरड्या उन्हाळ्यात त्याच तांब्यावर जेमतेम ओल धरते.

खिचडीच्या पातेल्यावर दिसणारं पांढरं काही, त्याला आपण वाफ म्हणतो. खरी वाफ दिसतच नाही, दिसतात ते तिचे थंड होऊन झालेले बारीक थेंब. हे दाखवायला चहाची किटली बरी, तोटीच्या अगदी तोंडाशी थोडी जागा मोकळी दिसते आणि पांढरेपणा त्यापुढे सुरू होतो. हा प्रयोग शिक्षकानेच करावा, पोरं हातभर लांब.

भाषेचाही एक घोटाळा आहे. "बर्फ विरघळला" असं आपण सर्रास म्हणतो. मी एका मुलाच्या तळहातावर बर्फाचा खडा देतो आणि दुसऱ्याच्या पेल्यात गुळाचा. बर्फ वितळतो, त्याला फक्त उष्णता लागते. गूळ विरघळतो, त्याला पाणी लागतं. तोच गूळ कढईत टाकला तर तो वितळतोही, म्हणून चिक्की होते. चिक्की म्हटल्यावर हा फरक सहसा कुणी विसरत नाही.

दसऱ्याच्या सुमारास खोबरेल तेलाची एक पारदर्शक बाटली आम्ही खिडकीत ठेवली. शेजारी थर्मामीटर टांगला आणि रोज सकाळी नोंद करायला मुलांच्या पाळ्या लावल्या. हे तेल साधारण २४ अंशांच्या आसपास थिजतं. दिवाळी उलटल्यावर एका सकाळी ज्याची पाळी होती तो बाटली घेऊन पळतच आला, उलटी धरली तरी तेल खाली येईना. दुपारच्या सुटीपर्यंत खिडकीत ऊन आलं आणि कडेचं तेल सुटून मधला पांढरा गोळा त्यात तरंगू लागला... नाही, तरंगला नाही, बुडाशी बसला. बर्फ तर पाण्यावर तरंगतो, मग हा का बुडाला, हा प्रश्न मी विचारायच्या आधी मुलींनीच विचारला.