रॅमचा वेग आणि टायमिंग : ओव्हरक्लॉकिंगमधील मेमरीची जुळणी

डेस्कटॉप संगणकाची मुख्य मेमरी तिच्या प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे आणि त्याच वेळी तिच्या कामातील थांबे, म्हणजे टायमिंग, शक्य तेवढे कमी करणे, याला रॅमचे ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. प्रमाणित वेग जेडेक ही संस्था ठरवते. डीडीआर४ या पिढीच्या रॅमचे मानक तिने २०१२ मध्ये प्रसिद्ध केले, डीडीआर५चे २०२० मध्ये. त्याहून वेगवान म्हणून विकल्या जाणाऱ्या रॅममध्ये कंपनीने तपासलेले आकडे प्रोफाइलच्या रूपात साठवलेले असतात. इंटेलचे एक्सएमपी २००७ मध्ये आले, एएमडीचे एक्स्पो २०२२ मध्ये. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, ते प्रोफाइल चालू करणे हेही ओव्हरक्लॉकिंगच. मात्र या नोंदीचा विषय त्याच्या पुढचा, हाताने केलेल्या जुळणीचा आहे.

रॅमच्या खोक्यावर ‘डीडीआर४-३६०० सीएल१८’ असे काहीतरी छापलेले असते. पहिला आकडा सेकंदाला किती दशलक्ष वेळा माहिती पाठवली जाते ते सांगतो. घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती जाते, म्हणून खरे घड्याळ त्याच्या निम्मे, १८०० मेगाहर्ट्‌झचे असते. दुकानात सर्रास ‘३६०० मेगाहर्ट्‌झ’ म्हणतात, ते बरोबर नाही. दुसरा, सीएलचा आकडा ठोक्यांचा आहे : मागणी पोहोचल्यापासून माहिती बाहेर पडेपर्यंत किती ठोके जातात.

हे दोन आकडे कधीही सुटे वाचू नयेत. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की खरा वेळ नॅनोसेकंदांत मिळतो. डीडीआर-४०० सीएल२ घ्या, डीडीआर२-८०० सीएल४ घ्या, डीडीआर३-१६०० सीएल८, डीडीआर४-३२०० सीएल१६ किंवा डीडीआर५-६४०० सीएल३२ घ्या. उत्तर प्रत्येक वेळी १० नॅनोसेकंदच येते. डीडीआर-४००ची एक स्टिक, म्हणजे रॅमची एक पट्टी, सेकंदाला ३.२ गिगाबाइट माहिती देत असे, डीडीआर५-६४००ची ५१.२ गिगाबाइट देते. नळ सोळापट मोठा झाला, पण तोटी फिरवल्यापासून पहिला थेंब पडेपर्यंतचा वेळ तेवढाच राहिला. टायमिंग जुळवण्याची सगळी खटपट या १० नॅनोसेकंदांतून थोडे कापून घेण्यासाठी असते.

हा वेळ कमी का होत नाही, याचे कारण मेमरीच्या पेशीत आहे. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले, ती एक ट्रान्झिस्टर आणि विद्युत प्रभार साठवणारा एक कपॅसिटर एवढीच पेशी आजही वापरात आहे. कपॅसिटरमधला प्रभार इतका क्षीण असतो की तो ओळखून मोठा करायला संवेदक परिपथाला ठरावीक वेळ द्यावाच लागतो. शिवाय वाचताना तो प्रभार नष्ट होतो आणि पुन्हा भरावा लागतो.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. एक कागद हवा असला तरी अख्खा रुमाल टेबलावर आणून सोडावा लागतो. रॅममध्ये तसेच घडते. आठ चिपांच्या डीडीआर४ स्टिकमध्ये एक ओळ साधारण ८ किलोबाइटची असते आणि तिच्यातला एक शब्द हवा असला तरी पूर्ण ओळ उघडावी लागते. रुमाल सोडायला लागणारा वेळ म्हणजे टीआरसीडी. सोडलेल्या रुमालातून कागद काढून हाती द्यायचा वेळ म्हणजे सीएल. रुमाल बांधून परत ठेवण्याचा वेळ म्हणजे टीआरपी; तो संपल्याशिवाय त्या टेबलावर दुसरा रुमाल येत नाही. आणि रुमाल निदान किती वेळ उघडा ठेवला पाहिजे ते टीआरएएस सांगतो, कारण वाचताना पुसलेली अक्षरे तेवढ्या वेळात पुन्हा गिरवून घ्यायची असतात. खोक्यावरचे १६-१८-१८-३६ हे चार आकडे ओळीने सीएल, टीआरसीडी, टीआरपी आणि टीआरएएस यांचे असतात. पुढची माहिती आधीच उघडलेल्या ओळीत सापडली तर फक्त सीएलचा खर्च येतो, नाहीतर टीआरपी, टीआरसीडी आणि सीएल या तिन्हींचा. म्हणून सीएल एकटाच खाली ओढून बाकीचे सैल सोडण्यात फारसा अर्थ नसतो.

या चौघांमागे दुय्यम आणि तृतीय टायमिंगची मोठी रांग असते. त्यांतल्या टीआरएफसीकडे नवखे लोक बघतही नाहीत, आणि खरी कमाई बऱ्याचदा तिथेच असते. कपॅसिटर गळका असतो. न वाचताही त्यातला प्रभार ओसरत जातो. म्हणून डीडीआर४मध्ये दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ पुन्हा भरली जाते. त्यासाठी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक आज्ञा सुटते आणि त्या आज्ञेपुरते वाचन-लेखन थांबते. ८ गिगाबिटच्या चिपला या थांब्यासाठी, म्हणजे टीआरएफसीसाठी, मानकाने ३५० नॅनोसेकंद दिले आहेत. डीडीआर४-३६०० वर ते ६३० ठोके होतात, म्हणजे साडेचार टक्के वेळ नुसता भरण्यात जातो. चांगल्या चिपवर तोच थांबा १६० नॅनोसेकंदांवर, २८८ ठोक्यांवर आणता येतो आणि वाया जाणारा वेळ दोन टक्क्यांवर येतो.

कोणती चिप किती ताण सोसेल हे तिच्या जातीवर ठरते आणि ती जात खोक्यावर लिहिलेली नसते. पहिल्या डीडीआरच्या काळात विनबाँडच्या बीएच-५ चिपा नावाजलेल्या होत्या. अडीच व्होल्टच्या आसपास चालवायच्या त्या चिपांना तीनहून जास्त व्होल्ट दिले की त्या २-२-२ टायमिंग धरून वर चढत. डीडीआर४मध्ये तो मान सॅमसंगच्या बी-डाय या जातीला मिळाला : व्होल्टेज वाढवत नेले की टीआरसीडीसकट सगळेच आवळता येते. मायक्रॉनची ई-डाय वेगात पुढे जाते, पण तिचा टीआरसीडी व्होल्टेज वाढवून फारसा उतरत नाही. डीडीआर५मध्ये हायनिक्सच्या एम-डाय आणि ए-डाय यांना पसंती आहे. एकाच नावाच्या किटमध्ये, म्हणजे स्टिकांच्या संचात, कंपन्या वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या चिपा घालतात, म्हणून मित्राचे आकडे जसेच्या तसे उतरवून घेऊ नयेत.

दुसरी मर्यादा प्रोसेसरच्या आत असते. रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलर पूर्वी मदरबोर्डच्या चिपसेटमध्ये असे. एएमडीने २००३ मध्ये अॅथलॉन ६४ बरोबर आणि इंटेलने २००८ मध्ये नेहालेम बरोबर तो प्रोसेसरमध्ये आणला. डीडीआर४ वापरणाऱ्या, एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये मेमरीचे घड्याळ आणि आतील भागांना जोडणाऱ्या इन्फिनिटी फॅब्रिकचे घड्याळ एकाच गतीने चालले तर विलंब कमी राहतो. त्यामुळे ३६००ची रॅम आणि १८०० मेगाहर्ट्‌झचे फॅब्रिक ही जोडी रूढ झाली. वेग फार वाढवला की कंट्रोलर निम्म्या गतीवर जातो. इंटेलने २०२१ मधील अकराव्या पिढीपासून डेस्कटॉपवर यालाच गियर १ (पूर्ण गती) आणि गियर २ (निम्मी गती) अशी नावे दिली. गियर २ मधली ४००० पेक्षा गियर १ मधली ३६०० खेळांमध्ये पुष्कळदा सरस ठरते. मोठा आकडा पाहून पैसे मोजणाऱ्याचे इथे खरोखर नुकसान होते.

प्रत्यक्ष काम असे चालते. समजा ८ गिगाबाइटच्या दोन स्टिक आहेत, ३२०० १६-१८-१८-३६, १.३५ व्होल्टच्या. चार स्लॉट असतील तर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. आधी टायमिंग मुद्दाम सैल सोडायचे, २०-२२-२२-४२ एवढे. व्होल्टेज १.४ करायचे आणि वेग ३६०० ठेवून संगणक सुरू होतो का ते पाहायचे. मग एका वेळी एकच आकडा खाली आणायचा, थोडी चाचणी घ्यायची, कागदावर लिहून ठेवायचे. दोन आकडे एकदम बदलले आणि चूक आली, तर दोषी कोण ते कळत नाही. एएमडीच्या बोर्डांवर गियर डाउन मोड (वरच्या गियर १-२ पेक्षा वेगळी सोय) चालू असेल तर सीएलला १५ भरले तरी रॅम १६ वरच चालते, हेही ध्यानात ठेवायचे. हद्द ओलांडली की पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो. बरेच बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून आपणहून मूळ आकड्यांवर येतात. न आल्यास बायोसची सेटिंग पुसण्यासाठी मदरबोर्डवरच्या सीएमओएसच्या दोन पिना पेचकसाने क्षणभर जोडाव्या लागतात. मानकाप्रमाणे डीडीआर४ला १.२ व्होल्ट पुरतात आणि १.५ व्होल्ट ही सहनशक्तीची कमाल मर्यादा आहे. १.४५च्या पुढे जायचे तर चिपची जात माहीत असल्याशिवाय जाऊ नये. प्रोसेसरमधील एसओसी व्होल्टेजला (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाच्या व्होल्टेजला) तर अधिकच जपावे : रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने २०२३ मध्ये ते १.३ व्होल्टवर रोखले.

फायदा सगळ्यांना सारखा होत नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकाला सर्वाधिक होतो, कारण तिथे चित्रेही याच रॅममधून येतात. प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या खेळांत सरासरीपेक्षा मधूनमधून बसणारे झटके कमी होतात. मोठ्या कॅशच्या, म्हणजे आतल्या जलद मेमरीच्या, एएमडी एक्स३डी प्रोसेसरांना रॅमकडे कमी वेळा जावे लागते, म्हणून त्यांचा लाभ थोडा. टायपिंग आणि ब्राउझिंग करणाऱ्याने प्रोफाइल चालू करून थांबावे.

चाचणीला मात्र फाटा देऊ नये. जास्त ताणलेला प्रोसेसर बहुधा संगणकच बंद पाडतो. रॅम गुपचूप एखादा बिट उलटवते. तो उलटलेला बिट फाइल जतन करताना डिस्कवर जातो, आणि महिन्याभराने लग्नाच्या फोटोंच्या झिप फाइलमधून काहीच बाहेर येत नाही. डीडीआर५ची चिप काही चुका स्वतःच्या आत दुरुस्त करते, त्यामुळे रॅम काठावर चालते आहे हे तर अधिकच उशिरा कळते. मेमटेस्ट८६ किंवा टेस्टमेम५ हे रॅम तपासणारे प्रोग्राम काही तास चालवावे आणि एकही चूक खपवून घेऊ नये. जुळणी पूर्ण होईपर्यंत महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर असाव्यात.

उष्णतेने कपॅसिटर लवकर गळतो. अनेक इंटेल बोर्डांवर दोन भरण्यांमधले अंतर, टीआरईएफआय, ६५५३५ ठोक्यांपर्यंत वाढवता येते. डीडीआर४-३६०० वर ते अंतर ३६ मायक्रोसेकंद होते, म्हणजे प्रत्येक ओळ ६४ ऐवजी सुमारे ३०० मिलिसेकंद न भरता राहते. थंड रॅमला ते पेलते. आवळलेल्या टीआरएफसीची बी-डाय मात्र पन्नास अंशांच्या आसपास चुका करू लागते, आणि ग्राफिक्स कार्डची गरम हवा थेट तिच्यावरच येत असते. नागपूर-चंद्रपूरकडे जानेवारीत रात्रभर निर्दोष चाललेले आकडे मे महिन्याच्या दुपारी, खोलीच चाळिशीला टेकलेली असताना, टिकतीलच असे नाही. अशा ठिकाणी चाचणी उन्हाळ्यात, खेळ चालू ठेवून घ्यावी. हिवाळ्यातच घ्यावी लागली तर टीआरएफसी वीसेक ठोके सैल सोडावा आणि स्टिकांवर वारा येईल असा एक छोटा पंखा बसवावा.