पिशवीची जाडी: 'मायक्रॉन' या मोजमापाची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील प्लास्टिकबंदीवर जेव्हा जेव्हा वाद होतो, तेव्हा तो अखेर मायक्रॉन या एका शब्दापाशी येऊन थांबतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि पिशवीची जाडी मोजताना तो एका पदराचा धरायचा असतो. दोन्ही पदर एकत्र मोजले तर आकडा दुप्पट येतो. अलीकडे 'मायक्रोप्लास्टिक' हा शब्द रूढ झाल्याने गोंधळात भर पडली आहे. पाच मिलिमीटरहून लहान प्लास्टिककणांना ते नाव आहे; पिशवीच्या जाडीशी त्याचा संबंध नाही.

पिशवी पातळ करणे हे मुळात रसायनशास्त्राचे यश होते. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये इथिलीन वायू प्रचंड दाबाखाली ठेवला असता पांढरा, मेणचट पदार्थ हाती लागला. हवेच्या नेहमीच्या दाबाच्या हजार ते तीन हजार पट दाबाखाली तयार होणाऱ्या या पॉलिथिनच्या रेणूसाखळीला जागोजागी फांद्या फुटतात, त्यामुळे साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगत नाहीत आणि पदार्थ मऊ राहतो. १९५३ मध्ये जर्मनीत टायटॅनियम व ॲल्युमिनियमच्या संयुगांवर आधारित उत्प्रेरक सापडला आणि हेच काम कमी दाबाखाली होऊ लागले. या साखळ्या जवळजवळ सरळ असल्याने दाटीने बसतात आणि त्यांपासून बनलेला पापुद्रा अतिशय पातळ असूनही वजन पेलतो. वितळलेले दाणे गोलाकार फटीतून बाहेर काढून, आत हवा भरून त्यांची नळी फुगवायची, ती चपटी करून खालून सांधायची आणि वर मुठी कापायच्या, अशी ही पिशवी तयार होते. तिचे एकसंध रूप स्वीडनमध्ये घडले आणि १९६५ मध्ये त्याचे पेटंट घेतले गेले.

इथिलीन हा कच्चा माल महाराष्ट्राला परका नव्हता. १९६० च्या दशकातच तुर्भे (ट्रॉम्बे) आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात नाफ्था हे खनिज तेलापासून मिळणारे द्रव्य तोडून इथिलीन काढणारे कारखाने उभे राहिले, आणि पुढे मुंबई हायच्या वायूवर नागोठण्याचा प्रकल्प चालू झाला. बंदीचा इतिहास सांगताना ही बाजू सहसा गाळली जाते.

जाडीची पहिली देशव्यापी अट १९९९ ची: किमान २० मायक्रॉन. महाराष्ट्रात मात्र या प्रश्नाला खरी धार आली ती २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तुंबलेल्या गटारांचा दोष मोठ्या प्रमाणावर पिशव्यांवर आला. तो खोटा नव्हता, पण अपुरा होता. मिठी नदीचे पात्र आक्रसलेले होते, भरती होती आणि जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. पुढच्याच वर्षी राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ आणि ८ बाय १२ इंचांहून लहान पिशव्यांवर बंदी घातली. केंद्राचा आकडा २०११ मध्ये ४० आणि २०१६ मध्ये ५० झाला.

जाडीच का मोजायची, हे समजण्यासाठी साधा हिशेब पुरेसा आहे. ८ बाय १२ इंचांची, २० मायक्रॉनची पिशवी साधारण २.३ ग्रॅम भरते. म्हणजे कचरावेचक बाईला एक किलो जमवण्यासाठी अशा सव्वाचारशे पिशव्या चिखलातून वेचाव्या लागतात. ५० मायक्रॉनला तीच संख्या १७० वर येते आणि १२० मायक्रॉनला सत्तरवर. भंगारच्या दुकानात भाव किलोवर मिळत असल्याने पातळ पिशवी कोणी उचलत नाही आणि जाड पिशवीला निदान उचलले जाण्याची संधी असते. शिवाय जाड पिशवी महाग पडते, त्यामुळे दुकानदार ती फुकट देताना विचार करतो. मायक्रॉनचा नियम असा वेचणाऱ्या हातांच्या भरवशावर उभा आहे, आणि नियमांच्या मजकुरात हे जितक्या स्पष्टपणे यायला हवे होते तितके ते आलेले नाही.

कुजण्याशी या आकड्याचे नाते नाही. पॉलिथिनचा कणा कार्बन-कार्बन बंधांचा असतो आणि तो तोडण्याचे सामर्थ्य मातीतल्या जिवाणूंकडे जवळजवळ नाही. उन्हाने साखळी तुटते, पिशवी ठिसूळ होते आणि तिचे तुकडे होत राहतात. पाण्याहून हलके असल्याने ते तरंगत खाडीपर्यंत जातात. जाड पिशवीत हा सगळा माल अधिक असतो, आणि इथिलीन काढणाऱ्या, ८०० अंशांवर तापणाऱ्या भट्ट्यांचे इंधनही तिच्या वाट्याला अधिक येते. पिशव्यांची संख्या त्याच प्रमाणात घटली नाही, तर जाडी वाढवून पदरात काहीच पडत नाही.

म्हणूनच २३ मार्च २०१८ चा राज्याचा निर्णय वेगळा होता. त्याने जाडीचा प्रश्न बाजूला ठेवून सरसकट सर्व पिशव्या बंद केल्या. दूध, औषधे, रोपवाटिका अशा मोजक्या सवलती ठेवल्या आणि पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड लावला. प्रत्यक्ष कारवाई २३ जूनला सुरू झाली आणि आठवडाभरातच किराणा दुकानांतील वेष्टनासाठी ५० मायक्रॉनची अट घालून सूट देण्यात आली. मागच्या दाराने मायक्रॉन परत आला. व्यापाऱ्यांची अडचण खरी होती, सुटा माल बांधायला पर्याय तयार नव्हता. पण तीन महिन्यांची मुदत तो उभारण्यासाठीच होती. त्यानंतर केंद्राने सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि डिसेंबर २०२२ अखेर १२० मायक्रॉनची मर्यादा आणली, तर मधल्या काळात, १ जुलै २०२२ पासून, एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तू बंद केल्या.

याच वर्षांत दुकानांतून एक खरबरीत, रंगीत पिशवी सर्रास मिळू लागली, जिला ग्राहक निःशंकपणे 'कापडी' म्हणतात. ती विणलेली नसते. पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकचे तंतू उष्णतेने एकत्र दाबून ती बनवतात. २०१८ च्या बंदीत तिचाही समावेश होता. केंद्राच्या नियमांत मात्र तिला मायक्रॉन लागूच नाही. तिच्यासाठी चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम असे वेगळे माप आहे, आणि ते दंड करणाऱ्या निरीक्षकाच्या हातातल्या जाडीमापकाने मोजता येत नाही.