जनुकीय म्हणजे आनुवंशिक नव्हे: कॅन्सरच्या जीन शोधामागची पार्श्वभूमी

सोलापुरात घरातल्या बाईला ब्रेस्ट कॅन्सर निघाला, डॉक्टर बोलता बोलता "जीन्समधला बिघाड" म्हणाले, की लगेच तिच्या पोरीच्या लग्नाची काळजी सुरू होते. इथे निम्मा घोळ शब्दाचा आहे, म्हणून आधी तोच सोडवू.

जनुकीय तर प्रत्येकच कॅन्सर असतो. पेशीतले जीन्स आयुष्यभरात बिघडत जातात, मिश्री-तंबाखूने तोंडातले बिघडतात तेही तसेच, पण ते पोरांत उतरत नाही. आनुवंशिक म्हणजे आई किंवा वडिलांकडून जन्मतःच एखाद्या जीनची एक बिघडलेली प्रत आलेली, ब्रेस्ट कॅन्सरमध्ये असे साधारण ५ ते १० टक्केच. आपल्या जिल्ह्यात बार्शीकडे १९८७ पासून गावोगावची कॅन्सर नोंदणी आहे, त्यात सुरुवातीला बायकांमध्ये सगळ्यात वर होता गर्भाशयमुखाचा कॅन्सर, आणि तो बहुतेक वेळा व्हायरसमुळे होतो, खानदानामुळे नाही.

आणि ही प्रत वडिलांकडूनही येते, हे कोणी धरतच नाही, आईकडचं सगळं विचारतात आणि आत्या राहून जाते. मामाच्या मुलीशी लग्नाची पद्धत आपल्याकडे जुनी, म्हणून "नात्यात केलं म्हणून झालं" असंही ऐकू येतं. पण बीआरसीए (ज्यांच्या बिघाडाने ब्रेस्ट कॅन्सरचा धोका खूप वाढतो ते दोन जीन्स) यांच्या बाबतीत धोका वाढायला एकच बिघडलेली प्रत पुरते, जोडीदार कितीही लांबचा असला तरी प्रत्येक मुलाला-मुलीला ती मिळायची शक्यता ५० टक्के. त्या बाईला नात्यातल्या लग्नावरून बोल लावणं सरळ अन्याय आहे.

एकाच घराण्यात हा आजार फिरतो हे १८६६ लाच एका फ्रेंच सर्जनने बायकोच्या माहेरच्या पिढ्या मांडून लिहिलं होतं. पुरावा मात्र १९९० मध्ये आला, १७ व्या क्रोमोसोमवर (जीन्स ज्यावर असतात त्या पेशीतल्या धाग्यावर) पहिल्या बीआरसीए जीनची जागा सापडली, १९९४ ला तो जीन हाती लागला, १९९५ ला दुसरा बीआरसीए, १३ व्या क्रोमोसोमवरचा. मग अमेरिकेतल्या एका कंपनीने या जीन्सचं पेटंट घेतलं आणि तिथे टेस्ट एकाच दारात अडकली, तीन हजार डॉलरच्या वर खर्च. जून २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने सांगितलं की निसर्गातला डीएनए नुसता वेगळा काढला म्हणून पेटंट मिळणार नाही, लॅबमध्ये बनवलेल्या प्रतीला मात्र मिळू शकेल. माझ्या मते हा निकाल वीस वर्षं उशिराच आला.

२००७ पासून हजारो बायकांचे डीएनए एकत्र तपासून थोडा-थोडा धोका वाढवणाऱ्या डीएनएतल्या दीडशेच्या वर जागा सापडल्या. पण डेटा मुख्यतः युरोपियन वंशाच्या बायकांचा, त्यामुळे त्यावरून काढलेला धोक्याचा आकडा आपल्या बायकांना तसाच्या तसा लागू होत नाही. आपल्याकडच्या जीन टेस्टच्या रिपोर्टमध्ये सापडलेल्या बदलापुढे "अर्थ अनिश्चित" असा शेरा येण्याचं एक कारणही हेच, तुलनेला आपले लोक कमी. असा शेरा म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे, नुसत्या त्यावर ऑपरेशन ठरवत नाहीत, आणि पुढे तो बदलतोही, बऱ्याचदा निरुपद्रवी ठरतो, म्हणून दोन-तीन वर्षांनी तोच रिपोर्ट घेऊन परत विचारायला जायचं.