टायरची पकड आणि झीज : नवे टायर निवडण्यामागचे शास्त्र

वेगाची आणि घाटातल्या वळणांची आवड असलेला मोटारमालक जुने टायर बदलायला दुकानात जातो, तेव्हा पकड हवी की आयुष्य, असा एकच प्रश्न बहुधा त्याच्यासमोर येतो. मऊ रबर रस्ता धरते पण लवकर झिजते आणि कडक रबर टिकते पण घसरते, हे सूत्र ढोबळमानाने खरे आहे. मात्र रबराची पकड तापमानावर आणि त्याला किती वेगाने दाबले जाते यावरही अवलंबून असते, आणि ते लक्षात घेतल्याशिवाय महाराष्ट्रातल्या रस्त्यांसाठी टायर नीट निवडता येत नाही.

रबर रस्त्याला दोन प्रकारे धरते. कोरड्या रस्त्यावर रबराचे रेणू आणि खडीचा पृष्ठभाग यांच्यात थेट आकर्षण निर्माण होते. दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा आहे : खडीच्या बारीक टोकांवरून सरकताना रबर दबते आणि पुन्हा मूळ आकारात येते, पण दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही, काही भाग उष्णता होऊन जातो, आणि हीच हानी गाडीचा वेग रोखते. रस्ता ओला झाला की पाण्याचा पातळ थर पहिला प्रकार जवळपास बंद पाडतो, त्यामुळे पावसात भिस्त दुसऱ्यावरच राहते. मग जास्तीत जास्त ऊर्जा गमावणारे रबर का वापरू नये? कारण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायर जमिनीवर चपटा होतो, तेव्हाही तीच हानी होते, टायर तापतो आणि इंधन वाया जाते.

या पेचातून वाट निघाली ती वेगातल्या फरकामुळे. २०५/५५ आर १६ (रुंदी, उंचीची टक्केवारी आणि इंचांत रिमचा व्यास) मापाचे चाक ताशी ८० किलोमीटर वेगाने सेकंदाला सुमारे ११ फेरे घेते, म्हणजे टायर चपटा होण्याची क्रिया तशी संथ असते. ब्रेक दाबल्यावर मात्र खडीच्या सूक्ष्म टोकांवर रबर सेकंदाला हजारो, किंबहुना लाखो वेळा दबते. अतिशय वेगाने दबणारे रबर थंड रबरासारखे वागते. म्हणून प्रयोगशाळेत ० अंश सेल्सिअसच्या आसपास मोजलेली हानी ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा अंदाज देते, आणि ६० अंशांना मोजलेली हानी गाडी चालताना वाया जाणाऱ्या ऊर्जेचा. पहिली वाढवून दुसरी कमी ठेवता आली, तर दोन्ही गोष्टी साधतात. १९९२ मध्ये मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीने रबराला बळकटी देणाऱ्या काजळीऐवजी मोठ्या प्रमाणावर सिलिका (वाळूतला मुख्य घटक) वापरलेले टायर बाजारात आणले, ते याच तत्त्वावर. सिलिकाचे कण पाण्याकडे ओढले जातात आणि रबर पाणी टाळते. त्यामुळे दोघांना रासायनिक बंधाने जोडणारे सिलेन नावाचे संयुग मिसळावे लागते. त्या जोडणीशिवाय सिलिका रबरात नीट पसरत नाही आणि टायर भराभर झिजतो.

झिजेचे गणित मुख्यतः रबराच्या जातीत असते. ज्या तापमानाखाली रबर काचेसारखे कडक होते, ते तापमान जितके खाली, तितके रबर झिजेला चांगले तोंड देते. पॉलिब्युटाडाईन या कृत्रिम रबरात ते उणे १०० अंशांच्या आसपास असते, म्हणून टिकाऊ टायरमध्ये त्याचे प्रमाण वाढवतात. स्टायरीनयुक्त रबराचे प्रमाण वाढवले की पकड वाढते आणि आयुष्य घटते.

अमेरिकी पद्धतीनुसार अनेक टायरच्या कडेवर झिजेचा आकडा असतो; तो जितका मोठा, तितका टायर जास्त टिकण्याची अपेक्षा. टेक्सासमधल्या ठरावीक मार्गावर सुमारे ११,६०० किलोमीटर गाड्या चालवून, संदर्भ-टायरशी तुलना करून तो काढतात. पण अंतिम आकडा उत्पादक स्वतः देतो, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची काटेकोर तुलना करू नये. त्याच पद्धतीतली ‘ट्रॅक्शन’ची म्हणजे पकडीची श्रेणी ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत चाक जाम करून मोजतात, वळणावरच्या पकडीबद्दल ती काहीच सांगत नाही. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४ एस या टायरचा झिजेचा आकडा ३०० आहे आणि शर्यतीच्या ट्रॅककडे झुकणाऱ्या कप २ चा १८०. ताम्हिणी किंवा वरंध घाटात भर पावसात गाडी नेणाऱ्याने माझ्या मते ३०० च्या आसपासचा किंवा थोडा वरचा टायर घ्यावा. ट्रॅकच्या टायरचे रबर जास्त तापमानाला उत्तम काम करते आणि साध्या रस्त्यावर ते तितके तापतच नाही. शिवाय त्यांची नक्षी उथळ आणि खाचा कमी असल्याने पाणी बाहेर टाकण्याची क्षमता अपुरी पडते.

नक्षीच्या खोलीचा मुद्दा खरेदी करताना फार कमी जण पाहतात, आणि मला तो सर्वात महत्त्वाचा वाटतो. कायद्याने मोटारीसाठी किमान खोली १.६ मिलिमीटर ठरवली आहे, पण पावसाळ्यात ३ मिलिमीटरवरच टायर बदलणे शहाणपणाचे. तसे धरले, तर ८ मिलिमीटर खोल टायरमध्ये वापरायला ५ मिलिमीटर मिळतात आणि ७ मिलिमीटरच्या टायरमध्ये ४. रबर अगदी सारखे असले तरी आयुष्य एकपंचमांशाने कमी. रुंद टायर घेताना तर खोलीकडे जास्तच लक्ष हवे, कारण रुंदी वाढली की साचलेल्या पाण्यावर टायर तरंगण्याचा धोका वाढतो.

भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) आणि वेगाचे चिन्ह (कमाल वेग सांगणारे अक्षर) मूळ टायरपेक्षा कमी चालणार नाही : ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर. कडेवरच्या चार आकड्यांत निर्मितीचा आठवडा आणि वर्ष असते. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दोनच नवे टायर घेत असाल, तर गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी ते मागे बसवा. मागची चाके आधी सुटली, तर गाडी गरकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही.

नव्या टायरबरोबर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा नीट लावणे, करून घेणे टाळू नये. वळणावरचे पार्श्वबल दुप्पट झाले, तर झीज दुपटीहून बरीच जास्त वाढते, आणि चाकांची दिशा जराशी जरी चुकलेली असली तरी टायर सरळ रस्त्यावरही सतत किंचित आडवा घासत राहतो. नक्षीवरून हात आडवा फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागले, तर हाच दोष समजावा. फक्त दोन्ही कडा झिजत असतील तर हवा कमी आहे, आणि मधला पट्टा झिजत असेल तर जास्त. खोली मोजण्याचे साधे गेज स्वस्तात मिळते. दर ५,००० किलोमीटरला चारही टायर आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला मोजून नोंद ठेवली, तर तुमच्या चालवण्यात एक मिलिमीटर रबर किती किलोमीटर जाते हे कळते, आणि पुढच्या खरेदीच्या वेळी कडेवरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा ही नोंद अधिक उपयोगी पडते.